नवे केंद्र सरकार, २०२४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२४ मध्ये केंद्रात स्थापन झालेल्या सरकारविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न निव्वळ प्रक्रियेचे आहेत आणि त्यांचे उत्तर संविधानात किंवा संसदीय संकेतांत सापडते. काहींचे उत्तर देताना मत द्यावेच लागते, आणि ते आम्ही दिले आहे. आमचे मत असे, की हे सरकार संख्याबळाने आघाडीचे असले, तरी कारभाराच्या सवयीने एकपक्षीयच राहिले. मित्रपक्षांचा लगाम काही ठरावीक जागी जाणवला, इतरत्र तो फारसा दिसला नाही.

तेच पंतप्रधान पुन्हा येणार होते, तर त्यांनी राजीनामा कशासाठी दिला?

४ जून २०२४ रोजी निकाल लागले. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने सतरावी लोकसभा विसर्जित करण्याची शिफारस केली आणि नरेंद्र मोदी यांनी आपला व मंत्रिपरिषदेचा राजीनामा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्याकडे सादर केला. निवडणुकीनंतर पंतप्रधानांनी राजीनामा द्यावा, असे कलम संविधानात नाही; पण जे सरकार जुन्या सभागृहाच्या विश्वासावर उभे होते, त्याने नव्या सभागृहाकडून तो विश्वास नव्याने मिळवावा, हा संसदीय पद्धतीचा रूढ संकेत आहे. राष्ट्रपती राजीनामा स्वीकारतात आणि नवी व्यवस्था होईपर्यंत काम पाहण्यास सांगतात.

अशा काळजीवाहू सरकारचे अधिकार संविधानाने वेगळे आखून दिलेले नाहीत. लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिपरिषद असावीच लागते, कारण राष्ट्रपतींना तिच्या सल्ल्याशिवाय कारभार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच स्पष्ट केले आहे. या मधल्या दिवसांत मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत, हे बंधन औचित्याचे आहे.

सरकार स्थापनेसाठी कोणाला बोलवायचे, हे राष्ट्रपती स्वतः ठरवतात का?

निकाल स्वच्छ असला, तर ठरवण्यासारखे काही उरत नाही. अनुच्छेद ७५ एवढेच सांगतो, की पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतील आणि इतर मंत्र्यांची नियुक्ती पंतप्रधानांच्या सल्ल्याने होईल. खरा प्रश्न त्रिशंकू, म्हणजे कोणालाच बहुमत नसलेल्या, लोकसभेत उभा राहतो, आणि तेथे वेगवेगळ्या राष्ट्रपतींनी वेगवेगळे मार्ग चोखाळले आहेत. १९८९ मध्ये आर. वेंकटरमण यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून आधी राजीव गांधी यांना विचारले. त्यांनी नकार दिल्यावर विश्वनाथ प्रताप सिंह यांना संधी मिळाली. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी त्याच निकषावर अटलबिहारी वाजपेयी यांना बोलावले, आणि बहुमत जुळत नाही हे दिसताच तेरा दिवसांत ते सरकार गेले. १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी या अनुभवापासून धडा घेतला असावा. त्यांनी नियुक्तीपूर्वीच पाठिंब्याची लेखी पत्रे मागितली.

२०२४ मध्ये ही वेळ आली नाही. भारतीय जनता पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नसले, तरी राष्ट्रीय लोकशाही आघाडी ही निवडणूकपूर्व आघाडी होती आणि तिचे संख्याबळ २९३ होते. ७ जूनला जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आताच्या संविधान सदनाच्या, मध्यवर्ती सभागृहात आघाडीच्या खासदारांनी मोदी यांची नेतेपदी निवड केली आणि त्याच दिवशी राष्ट्रपतींनी त्यांना सरकार स्थापनेचे निमंत्रण दिले.

शपथ न घेता मंत्री काम सुरू करू शकतो का?

नाही. अनुच्छेद ७५ (४) नुसार पदग्रहणापूर्वी पदाची आणि गोपनीयतेची अशा दोन्ही शपथा घ्याव्या लागतात, आणि त्यांचे नमुने संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. ९ जूनला संध्याकाळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव, मॉरिशस आणि सेशेल्स या देशांचे नेते उपस्थित होते. त्या सोहळ्याचा तेवढा भाग परराष्ट्र धोरणाचा होता, कायद्याला त्याची गरज नव्हती. जाता जाता एक नोंद : १९८९ मध्ये देवीलाल यांनी शपथ घेताना स्वतःचा उल्लेख उपपंतप्रधान असा केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. उपपंतप्रधान हे वेगळे संवैधानिक पद नाही, ते केवळ वर्णन आहे आणि त्यामुळे शपथ बाद ठरत नाही, असा निकाल लागला.

७२ मंत्री जास्त नाहीत का?

कायद्याच्या मर्यादेत आहेत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांसह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. ५४३ सदस्यांच्या हिशेबाने ही मर्यादा ८१ होते. ९ जूनला पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली : ३० कॅबिनेट मंत्री, ५ स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आणि ३६ राज्यमंत्री. म्हणजे नऊ जागा हातात राखून ठेवल्या गेल्या. आघाडीच्या सरकारात अशी शिल्लक उपयोगी पडते, कारण नाराज मित्रपक्षाला पुढील विस्ताराकडे बोट दाखवता येते.

मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ यांत वृत्तपत्रेही गल्लत करतात. मंत्रिपरिषदेत सगळे ७२ जण येतात. धोरण ठरते ते कॅबिनेट मंत्र्यांच्या मंत्रिमंडळात, आणि त्यातही सुरक्षाविषयक, आर्थिक किंवा नियुक्तीविषयक समित्यांत. शपथविधीची छायाचित्रे पाहण्यापेक्षा या समित्यांवर कोण आहे ते पाहावे.

संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री कशी होते?

सहा महिन्यांच्या मुदतीवर. त्या अवधीत सदस्यत्व मिळाले नाही, तर मंत्रिपद जाते. या सरकारात जॉर्ज कुरियन आणि रवनीत सिंग बिट्टू हे शपथ घेताना कोणत्याही सभागृहात नव्हते. बिट्टू तर लुधियानातून नुकतेच पराभूत झाले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कुरियन मध्य प्रदेशातून आणि बिट्टू राजस्थानातून राज्यसभेवर गेले. १९९६ मध्ये एच. डी. देवेगौडा हे खासदार नसताना थेट पंतप्रधान झाले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. मात्र निवडून न येता राजीनामा देऊन पुन्हा सहा महिन्यांसाठी शपथ घ्यायची, ही पळवाट न्यायालयाने २००१ मध्ये बंद केली.

हे खरोखर आघाडीचे सरकार आहे का?

या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते, आणि दोन्हीकडे ते वेगळे येते.

आधी बेरीज-वजाबाकी. भाजप २४०, म्हणजे २७२ च्या बहुमताला ३२ कमी. आघाडी २९३, म्हणजे बहुमताहून २१ अधिक. तेलुगू देसमचे १६ आणि संयुक्त जनता दलाचे १२. यांपैकी एकच पक्ष बाहेर पडला, तर आघाडी २७७ किंवा २८१ वर येते आणि सरकार वाचते. दोघेही एकाच वेळी गेले, तर २६५ वर येऊन अल्पमतात जाते. चंद्राबाबू नायडू आणि नितीशकुमार या त्यांच्या नेत्यांच्या हाती सरकारची किल्ली आहे, असे निकालाच्या संध्याकाळी वाहिन्यांवर जे सांगितले जात होते, ते म्हणूनच अर्धे खरे होते. दोघांनी मिळूनच फिरवावी अशी ती किल्ली आहे, आणि दोन वेगळ्या राज्यांतील, वेगळ्या गरजांच्या या पक्षांना एकाच दिवशी एकाच कारणाने नाराज करणे दिल्लीलाही सोपे नाही.

आता खातेवाटप, जे १० जूनला जाहीर झाले. गृह अमित शहा, संरक्षण राजनाथ सिंह, अर्थ निर्मला सीतारामन, परराष्ट्र एस. जयशंकर. सुरक्षाविषयक समितीतील चारही मंत्री आपापल्या जुन्या खात्यांवर परत आले. मित्रपक्षांना ७२ पैकी ११ मंत्रिपदे मिळाली आणि त्यांतली पाचच कॅबिनेट दर्जाची : तेलुगू देसमचे राममोहन नायडू यांना नागरी विमान वाहतूक, संयुक्त जनता दलाचे राजीव रंजन ऊर्फ ललन सिंह यांना पंचायत राज, मत्स्यव्यवसाय व पशुसंवर्धन, एच. डी. कुमारस्वामी यांना अवजड उद्योग व पोलाद, जीतनराम मांझी यांना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग आणि चिराग पासवान यांना अन्नप्रक्रिया उद्योग. रेल्वे, कृषी, ग्रामविकास ही मतदारांशी थेट नाते असलेली खाती भाजपकडेच राहिली. वाजपेयींच्या काळात संरक्षण खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आणि रेल्वे नितीशकुमार यांच्याकडे होती, हे आठवले म्हणजे फरक लक्षात येतो.

१३ जूनला पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. के. मिश्रा आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवाल यांचीही फेरनियुक्ती झाली. या दोन नियुक्त्यांची बातमी आतल्या पानांवर गेली. प्रत्यक्ष कारभार कसा चालणार याचा अंदाज मात्र त्यांच्यावरून अधिक नेमका येत होता.

मग मित्रपक्षांचे काहीच चालले नाही का?

चालले, पण मोजक्या जागी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने सहसचिव, संचालक आणि उपसचिव स्तरावरील ४५ पदांवर बाहेरून थेट भरतीची जाहिरात दिली, तिच्यात आरक्षण नसल्यावरून विरोधकांनी रान उठवले, आणि सरकारात असलेल्या चिराग पासवान यांनीही उघड नापसंती व्यक्त केली. तीन दिवसांत जाहिरात मागे घेण्यात आली. त्याच महिन्यात वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडताच सरकारने ते स्वतःहून संयुक्त संसदीय समितीकडे पाठवले. आधीच्या दोन कार्यकाळांत महत्त्वाच्या विधेयकांबाबत अशी तयारी क्वचितच दिसली होती.

पण पुढे काय झाले तेही पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये तेच विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी संमत झाले, आणि तेलुगू देसम व संयुक्त जनता दल या दोघांनीही बाजूने मतदान केले. वेळ लागला, समिती बसली, विधेयकाची मुख्य दिशा मात्र बदलली नाही. मित्रपक्षांनी धोरणाच्या दिशेवर हक्क सांगितलाच नाही, असा आमचा निष्कर्ष आहे. त्यांनी हक्क सांगितला तो आपापल्या राज्यांसाठीच्या पैशांवर.

अर्थसंकल्पात बिहार आणि आंध्रला झुकते माप दिले, हे खरे आहे का?

१ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणुकीच्या तोंडावर अंतरिम अर्थसंकल्प मांडला गेला होता, म्हणून नव्या सरकारचा पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. त्यात अमरावती या राजधानीच्या उभारणीसाठी बहुपक्षीय वित्तसंस्थांमार्फत १५,००० कोटी रुपयांची व्यवस्था, बिहारमधील रस्त्यांसाठी २६,००० कोटी आणि तेथील पूरनियंत्रणासाठी ११,५०० कोटी रुपयांचे प्रकल्प जाहीर झाले. विरोधकांनी त्याला ‘खुर्ची बचाओ’ अर्थसंकल्प म्हटले. टीका राजकीय असली तरी निराधार नव्हती.

तरीही आदल्या दिवशीची एक घटना विसरू नये. बिहारला विशेष राज्याचा दर्जा मिळावा, ही संयुक्त जनता दलाची जुनी मागणी. त्याच पक्षाच्या खासदाराने विचारलेल्या प्रश्नाला लोकसभेत लेखी उत्तर देताना अर्थ राज्यमंत्र्यांनी सांगितले, की राष्ट्रीय विकास परिषदेच्या निकषांत बिहार बसत नाही. दर्जा नाकारला आणि दुसऱ्या दिवशी प्रकल्प दिले. विशेष दर्जा हा हक्क ठरतो आणि इतर राज्येही तो मागतात, तर प्रकल्पांचे पैसे दरवर्षी नव्याने मागावे लागतात आणि देणाऱ्याचा हात वर राहतो. नितीशकुमार हे जाणत नसतील असे नाही. त्यांनी ते स्वीकारले, यावरून सौदा कोणाच्या अटींवर झाला ते कळते.

या मंत्रिपरिषदेत महाराष्ट्राच्या वाट्याला काय आले?

सहा मंत्रिपदे. नितीन गडकरी यांच्याकडे रस्ते वाहतूक व महामार्ग आणि पीयूष गोयल यांच्याकडे वाणिज्य व उद्योग ही कॅबिनेट खाती; बुलढाण्याचे प्रतापराव जाधव आयुष खात्याचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री; रामदास आठवले, रावेरच्या रक्षा खडसे आणि पुण्याचे मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री. मोहोळ यांना मिळालेले सहकार खाते राज्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे, कारण साखर कारखाने आणि जिल्हा बँकांचे राजकारण त्याच वाटेने जाते. अर्थात त्या खात्याचे कॅबिनेट मंत्री अमित शहा आहेत.

अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने मात्र शपथविधीच्या दिवशी मंत्रिपद घेतले नाही. स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद देऊ केले होते, आणि पूर्वी कॅबिनेट मंत्री राहिलेल्या प्रफुल्ल पटेल यांना ते कमी दर्जाचे वाटले. एकच खासदार निवडून आलेल्या पक्षाने एवढे ताणून धरावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. शिवसेनेच्या शिंदे गटाचे सात खासदार असताना त्यांनाही कॅबिनेट पद मिळाले नाही, आणि पाच खासदारांच्या पासवान यांना ते मिळाले, ही तक्रार अधिक रास्त होती.

नव्या सरकारने विश्वासदर्शक ठराव का मांडला नाही?

कारण तसे बंधन नाही. राष्ट्रपतींनी नियुक्ती करताना मुदत घातली असेल, किंवा बहुमताविषयी शंका असेल, तरच तो मांडला जातो. पहिल्या अधिवेशनातील राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रदर्शक ठराव हीच बहुमताची पहिली चाचणी ठरते. तो लोकसभेत फेटाळला गेला, तर सरकारला राहता येत नाही. २७ जूनला अभिभाषण झाले आणि २ जुलैला ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. चरणसिंह यांचे उदाहरण यासंदर्भात नेहमी दिले जाते : २८ जुलै १९७९ ला शपथ घेतलेल्या या पंतप्रधानांनी २० ऑगस्टला राजीनामा दिला आणि त्यांना लोकसभेला सामोरे जाताच आले नाही.

लोकसभा अध्यक्षपदाची निवडणूक एवढी का गाजली?

हे पद सहसा एकमताने भरले जाते, पण २६ जून २०२४ ला तसे झाले नाही. विरोधकांची अट अशी होती, की अध्यक्ष तुमचा असू द्या, उपाध्यक्षपद आम्हाला द्या. ही मागणी अवाजवी नव्हती. अनुच्छेद ९३ नुसार लोकसभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असे दोघेही निवडायचे असतात. सतराव्या लोकसभेच्या संपूर्ण कार्यकाळात मात्र उपाध्यक्षपद रिकामेच राहिले. सरकारने आश्वासन देण्याचे टाळले आणि विरोधकांनी केरळचे ज्येष्ठ खासदार के. सुरेश यांना उभे केले.

त्या दिवशी हंगामी अध्यक्ष भर्तृहरी महताब आसनावर होते. ओम बिर्ला यांच्या निवडीचा ठराव पंतप्रधानांनी मांडला, राजनाथ सिंह यांनी अनुमोदन दिले. सुरेश यांच्या नावाचा ठराव मांडला तो दक्षिण मुंबईचे अरविंद सावंत यांनी. पहिला ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे महताब यांनी जाहीर केले, आणि विरोधकांनी मतविभाजनाचा, म्हणजे मते प्रत्यक्ष मोजण्याचा, आग्रह धरला नाही. मग मोदी आणि राहुल गांधी हे दोघेही बिर्लांना आसनापर्यंत घेऊन गेले आणि तेथे एकमेकांशी हस्तांदोलन केले. मतविभाजन का टाळले, यावर बरेच तर्क झाले. आमच्या मते कारण साधे आहे : मोजणी झाली असती तर नव्या सरकारला पहिल्याच आठवड्यात आपले बहुमत आकड्यांत दाखवण्याची आयती संधी मिळाली असती.

यापूर्वी १९५२, १९६७ आणि १९७६ मध्ये अशी लढत झाली होती, आणि त्यांपैकी दोन वेळची नावे मराठी वाचकांना ओळखीची वाटतील. १९५२ मध्ये गणेश वासुदेव मावळणकर यांच्या विरोधात शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे उभे होते. १९७६ मध्ये, आणीबाणीत, बलिराम भगत यांच्यासमोर जनसंघाचे जगन्नाथराव जोशी होते.

अध्यक्षपदाला एवढे महत्त्व असण्याचे कारण संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींत, आहे. पक्षांतर झाले की अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे जातो, आणि तो किती लांबू शकतो हे महाराष्ट्राने आपल्या विधानसभेत पाहिले आहे. आघाडीच्या सरकारात हे पद मित्रपक्षाने मागावे, असे म्हणूनच वाटत होते. ते मागूनही न मिळणे किंवा न मागणे, दोन्हींतून भाजपचे वजनच दिसते.

दहा वर्षांनंतर विरोधी पक्षनेता मिळाला, त्याने काय बदलले?

२०१४ मध्ये काँग्रेसला ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा मिळाल्या होत्या. मान्यतेसाठी सभागृहाच्या एकदशांश, म्हणजे ५५ जागा लागतात, असे धरले जाते. ही अट १९७७ च्या विरोधी पक्षनेत्यांविषयीच्या कायद्यात नाही, पहिले अध्यक्ष मावळणकर यांच्या काळापासूनच्या प्रथेत आहे. २०२४ मध्ये ९९ जागा मिळाल्याने वादाला जागा उरली नाही आणि राहुल गांधी यांना कॅबिनेट दर्जाचे हे पद मिळाले.

निवड समित्यांतील खुर्ची हा त्याचा ठोस लाभ मानला जातो, पण तो जपून मोजावा. मुख्य निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत, २०२३ च्या कायद्यानुसार, पंतप्रधान, त्यांनी नेमलेला एक कॅबिनेट मंत्री आणि विरोधी पक्षनेता असे तिघे असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्ञानेश कुमार यांच्या नियुक्तीच्या वेळी राहुल गांधी यांनी असहमतीची टिपणी दिली, आणि नियुक्ती झाली. दोनास एक, हा हिशेब कायद्यातच लिहिलेला आहे.

मागील लोकसभेतील प्रलंबित विधेयकांचे काय होते?

लोकसभेत प्रलंबित असलेली, किंवा लोकसभेने संमत करून राज्यसभेत अडकलेली विधेयके विसर्जनाबरोबर रद्द होतात. राज्यसभेत प्रलंबित असलेली आणि लोकसभेने संमत न केलेली विधेयके मात्र टिकतात.

हे सरकार संविधान बदलू शकते का?

प्रचारात चारशेहून अधिक जागांच्या, ‘चारसौ पार’च्या घोषणेभोवती हा प्रश्न फिरत राहिला, म्हणून आकड्यांतच उत्तर देतो. घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत लागते. सर्व ५४३ सदस्यांनी मतदान केले, तर ३६२ मते हवीत. आघाडीकडे २९३ आहेत. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्रित निवडणुकांसाठीचे १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडण्याच्या प्रस्तावावर २६९ विरुद्ध १९८ अशी मते पडली. मांडण्यासाठी साधे बहुमत पुरते, म्हणून ते मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. संमत करण्यासाठी त्या दिवशीच्या हजेरीतही ३१२ मते लागली असती. विरोधकांपैकी कोणीतरी फुटल्याशिवाय किंवा मोठ्या संख्येने गैरहजर राहिल्याशिवाय हा पल्ला गाठता येत नाही. साध्या कायद्यांच्या बाबतीत अशी कोणतीही आडकाठी नाही.

हे सरकार मुदतीआधी पडेल का?

१९९९ मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने गेले, म्हणून लोकांना आघाडी म्हटली की पडझड आठवते. पण त्याच वर्षी निवडून आलेल्या वाजपेयी सरकारने, आणि नंतर मनमोहन सिंग यांच्या दोन्ही सरकारांनी, स्वपक्षाचे बहुमत नसताना जवळपास पूर्ण कार्यकाळ काढला. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, तेव्हाही ते सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले, कारण समाजवादी पक्ष ऐनवेळी मदतीला आला. आजच्या सरकारचा केंद्रस्थानी असलेला पक्ष २४० चा आहे. मनमोहन सिंग यांच्याकडे २००४ मध्ये १४५ आणि २००९ मध्ये २०६ होते. भाजपला सोडून पर्यायी सरकार जुळवायचे, तर नायडू आणि नितीशकुमार या दोघांनाही विरोधकांच्या बाजूला जावे लागेल, आणि त्यानंतर डझनभर पक्षांची मोट बांधावी लागेल. ज्या दोघांना राज्यासाठी नियमित निधी हवा आहे, त्यांना तशा सरकारकडून तो अधिक मिळेल, असे मानण्यास आज तरी कारण दिसत नाही.